टेबल सोडायचं नाही, तर रबर कोणतं?

सिरसाळ्यातली एक चौदा वर्षांची मुलगी टेबल टेनिस अगदी टेबलाला चिकटून खेळते. चेंडू टप्पा पडून वर येतोय तोवरच त्याला मारते आणि मागं सरकायचं नाव घेत नाही. तिच्या रेडीमेड बॅटचं रबर आता पार झिजलंय. नवा प्लाय (बॅटचं लाकूड) मिळाला आहे, पण त्याच्या दोन्ही बाजूंना कोणतं रबर लावायचं यावर एका मामा-भाचीचं जमत नाही. मामा परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रात नोकरीला होते. खेळ तिथल्या वसाहतीतच शिकले, आणि निवृत्त झाल्यावर गावी येऊन शाळेच्या एका रिकाम्या खोलीत टेबल मांडून बसले. भाची पुण्यात शिकते, कॉलेजच्या संघातून खेळते आणि सुट्टीत आली की याच खोलीत मुलींना चेंडू टाकते. रबर घेताना दुकानात किंमत विचारली जाते, ब्रँड विचारला जातो. या दोघांनी एकमेकांना विचारलं ते फार वेगळं होतं, म्हणून ते बोलणं इथं मांडतो आहे.

भाची : मामा, तिचा फोरहँड चांगला फिरतो. टॉपस्पिन हाताला लागत चाललाय. दोन्ही बाजूंना प्लेन रबर लावू, चांगलं टेन्सर, २.१ मिलिमीटर स्पंजचं. आजचा खेळ तोच आहे. जगातले वरचे खेळाडू बघा, बहुतेकांच्या दोन्ही बाजूंना प्लेनच असतं.

मामा : ते वरचे खेळाडू खेळतात कुठं? आंतरराष्ट्रीय सामन्याला १४ मीटर लांब अन् ७ मीटर रुंद जागा लागते. आपली खोली २० फुटी. टेबल गेलं ९ फूट. दोन्हीकडचं मिळून ११ फूट उरतं. पोरगी दोन पावलं मागं आली की पाठ फळ्याला टेकते. तिला टेबलाजवळ कुणी शिकवून उभं केलं नाही, भिंतीनं केलं.

भाची : भिंतीनं केलं असेल. पण आता मोठ्या हॉलमध्ये नेली तरी ती मागं जात नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेत मी पाहिलं ना. तिला चेंडू लवकर घ्यायला आवडतं, समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही असाच तिचा खेळ आहे. म्हणून तिला वेग द्या, असं माझं म्हणणं.

मामा : वेग तिला समोरची देईल. हिनं तो फक्त परत पाठवायचाय, अन् नीट पाठवायचाय. बॅकहँडला शॉर्ट पिंपल लाव. स्पंज १.८ पुरे.

ज्यांनी रबर कधी उलटून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं थांबतो. टेबल टेनिसच्या रबरात दोन थर असतात. वर रबराचा पातळ पत्रा, खाली स्पंज. पत्र्याच्या एका अंगाला बारीक दाणे असतात. ते आत, स्पंजकडं वळवून चिकटवले की वरचा भाग सपाट राहतो. त्याला आपल्याकडं प्लेन म्हणतात, आणि चेंडू त्याला धरून फिरतो. दाणे बाहेर ठेवले की झालं पिंपल. दाणे आखूड आणि जाड असले तर शॉर्ट, उंच आणि बारीक असले तर लाँग. लाँग पिंपलचे दाणे चेंडू लागताच वाकतात, शॉर्टचे फारसे वाकत नाहीत. टेन्सर म्हणजे कारखान्यातच ताण भरलेलं, चेंडू उडवणारं रबर. स्पंजासकट सगळं मिळून ४ मिलिमीटरच्या वर जाता येत नाही. स्पंज नसलेलं दाण्यांचं रबर २ मिलिमीटरपर्यंत चालतं. जागतिक संघटनेनं ही मापं १९५९ मध्ये बांधून दिली. एवढ्याशा ४ मिलिमीटरमध्ये हा सगळा वाद चालला आहे.

भाची : शॉर्ट पिंपलनं ती नुसती ठोकत राहील. टॉपस्पिनला कमान असते, मामा. चेंडू जाळीवरून उंच जातो आणि पलीकडं वळून खाली येतो, म्हणून जोरात मारूनही टेबलावर पडतो. पिंपलचा चेंडू सरळ जातो. जाळी १५.२५ सेंटिमीटरची आहे. तिच्या वरून, पण टेबलाच्या आत, अशी सरळ रेघ मारायला जागा किती उरते? त्यात आपल्या मुलीची उंची कमी. टेबल ७६ सेंटिमीटरचं, तिच्या कमरेच्याही वर येतं.

मामा : डेंग यापिंग किती उंच होती?

भाची : दीड मीटर. ठाऊक आहे मला.

मामा : अन् १९९२ अन् १९९६, दोन्ही ऑलिम्पिकमध्ये एकेरीचं सुवर्ण तिचं. बॅकहँडला पिंपल. बुटकी म्हणून चीनच्या संघात घ्यायला आधी का-कू केलं होतं तिला. टेबल सोडलंच नाही बाईनं. चेंडू उंच होता तिथंच, उसळीच्या टोकाला मारायचा. मग सरळ रेघेला जागा मिळते. ही पोरगी तेच करते, कुणी न सांगता.

इथं भाचीनं खिशातून मोबाईल काढला आणि एक हिशेब केला. मला तो फार महत्त्वाचा वाटला. चेंडू ताशी ५० किलोमीटर वेगानं येतोय असं धरलं, तर टेबलाची २.७४ मीटर लांबी तो सेकंदाच्या साधारण पाचव्या भागात ओलांडतो. हवेनं आणि टप्प्यानं थोडा मंदावेल, पण मागं उभं राहणाऱ्याला जी उसंत मिळते ती टेबलाजवळच्याला मिळत नाही. तेवढ्या वेळात चेंडू कुठं येतोय, त्यावर फिरकी कसली आहे, किती आहे, बॅटचा कोन केवढा ठेवायचा, हे सगळं उरकायचं असतं. हात मागं नेऊन मोठा झोका घ्यायला वेळच उरत नाही. फटका कोपरापासून, पुष्कळदा नुसत्या मनगटातून निघतो.

भाची : हाच माझा मुद्दा आहे. झोका छोटा असेल तर रबरानं मदत केली पाहिजे. मऊसर स्पंजाचं टेन्सर घेतलं की हलका हात लागला तरी चेंडू उडतो. हात मागं न नेता वेग मिळतो.

मामा : हलक्या हाताला उडतो, हे कबूल. मग आखूड सर्व्हिस आली की काय करशील? जाळीपाशी दोन टप्पे पडतील अशी, खालच्या फिरकीची. ती तुला हळूच परत ठेवायचीय, जाळीलगत. तुझं ते रबर तिथंही उडवणारच. चेंडू वीतभर वर येईल अन् समोरची उभी राहून हाणेल. टेबलाजवळचा निम्मा खेळ हा हळू हाताचाच असतो, ते तू मोजतच नाहीस.

भाची : (थोडा वेळ गप्प राहून) सर्व्हिस घेताना तिचे चेंडू उडतात, हे मी पाहिलंय.

मामा : आता रेडीमेड बॅटनं उडतात. तुझ्या २.१ वर काय होईल?

या प्रश्नावर माझं मत मामांकडं झुकतं. आक्रमक खेळ म्हटला की लोक सर्वांत वेगवान रबर शोधतात, पाकिटावरचा वेगाचा आकडा बघतात. टेबलापासून दोन मीटर मागं उभ्या राहणाऱ्याला तो आकडा लागतो, कारण त्याला चेंडू लांबवर पोचवायचा असतो. टेबलाला चिकटलेल्या खेळाडूला वेग उसना मिळतो. त्याला कमी पडतो तो वेळ. म्हणून त्याचं रबर येणाऱ्या चेंडूला कसं वागवतं, हे आधी बघायला हवं. आपण पाठवणार असलेल्या चेंडूचा विचार त्यानंतर. दुकानात मात्र आपण नेमके उलट्या टोकाकडून सुरुवात करतो.

मग फिरकीचा विषय निघाला. मामांनी मुलीला समोर उभं केलं, बॅकहँडच्या कोपऱ्यात आखूड सर्व्हिस टाकली, बाजूची आणि खालची फिरकी मिसळून. तिनं जुन्या प्लेन रबरानं पुश केला. चेंडू बॅटवरून उजवीकडं सटकला आणि टेबलाबाहेर गेला. मामांनी आपली बॅट तिच्या हातात दिली, दोन्ही बाजूंना शॉर्ट पिंपल असलेली, कडेची पट्टी सुटलेली. सर्व्हिस तीच. या वेळी तिनं बॅटचा कोन जवळजवळ तसाच ठेवला, मनगट किंचित पुढं झटकलं आणि चेंडू सरळ रेषेत पलीकडच्या कोपऱ्यात बसला. प्लेन रबर फिरकी धरतं, म्हणून समोरच्याची फिरकीही आपल्या बॅटवर जोर करते. शॉर्ट पिंपलला चेंडूचा स्पर्श दाण्यांच्या टोकांपुरता होतो. ओल्या बांधावरून पाय घसरावा तशी फिरकी तिथून घसरते. फिरकी ओळखण्यात थोडी चूक झाली तरी खपून जाते. सेकंदाच्या पाचव्या भागात ओळखायचं असेल, तर ही सूट फार मोठी आहे.

भाची : सूट आहे, पण किंमत मोजून. पिंपलला फिरकी लागत नाही, तशी तिची स्वतःची फिरकीही चढत नाही. समोरचीनं खालच्या फिरकीचा लांब, जड चॉप दिला तर उचलायचा कसा?

मामा : बॅट उघडी धरायची अन् सरळ मारायचा. चॉपची फिरकी आपल्याला बाधत नाही, हा तर फायदाच.

भाची : एखादा चेंडू मारेल. लागोपाठ पाच आले तर एक जाळीत जाईलच. कमान नाही ना. आणि २०१४ पासून चेंडू प्लॅस्टिकचा आहे. सेल्युलॉइडच्या चेंडूइतकी फिरकी आता चढतच नाही. पिंपलचा चेंडू समोरच्याला अवघड जायचा, तो आता तितका जात नाही.

मामा : फिरकी दोघांची कमी झाली, लेकी. तुझ्या टॉपस्पिनचीही झाली. माझ्या सरळ चेंडूला काय फरक पडला?

याला भाचीकडं लगेच उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर हा वाद जगभर अजून मिटलेला नाही. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये जुन मिझुतानीबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकणारी जपानची मिमा इतो बॅकहँडला शॉर्ट पिंपल वापरते आणि टेबल सोडत नाही. पण तिच्यासारख्या खेळाडू वरच्या यादीत थोड्याच आहेत, आणि पुरुषांत तर फारच थोडे.

भाची : मामा, तुम्ही पंक्चरचं सोल्युशन लावायचात ना रबराला?

मामा : सगळेच लावायचे. सायकलच्या दुकानातून आणायचं, स्पंजाला थापायचं, फुगलं की चिकटवायचं. चेंडूचा आवाजच बदलायचा.

भाची : युरोपात सत्तरच्या दशकात हंगेरीच्या क्लाम्पारनं आणि युगोस्लाव्हियाच्या शुर्बेकनं तेच केलं होतं, सायकलच्या ट्यूबचा डिंक. पुढं त्याचाच स्पीड ग्लू झाला. त्यातली द्रव्यं श्वासाला वाईट, म्हणून २००८ मध्ये बंदी आली. तोवर कंपन्या तो ताण कारखान्यातच रबरात भरायला लागल्या होत्या. त्याच वर्षी बटरफ्लायचं टेनर्जी आलं, स्प्रिंग स्पंजाचं. म्हणजे तुम्ही जे हातानं करायचात तेच आता विकत मिळतं. तुम्हाला चाललं, मग तिला का नको?

मामा : मला चाललं कारण तोवर माझा हात बसला होता. आधी श्रायव्हरवर खेळलो, मग मार्क व्हीवर. साधी रबरं, चेंडू हातानं जेवढा मारला तेवढाच जायचा. सोल्युशन नंतर आलं.

श्रायव्हर १९६७ चं, मार्क व्ही १९६९ चं. आजही दोन्ही विकली जातात, आणि नव्या खेळाडूला फोरहँडसाठी सुचवायची झाली तर पुष्कळ प्रशिक्षक अजून याच जातीची रबरं सुचवतात. ही गोष्ट मला भाचीच्या युक्तिवादापेक्षा जास्त बोलकी वाटते. पण तिनं मांडलेला क्रम, सोल्युशन ते स्प्रिंग स्पंज, हा खरा आहे. आज बाजारात 'नवं तंत्रज्ञान' म्हणून जे विकलं जातं त्याचं मूळ सायकलच्या दुकानात आहे, हे दुकानदारानं एकदा तरी सांगायला हवं.

यानंतर मामांनी आपला हुकमी एक्का काढला. तो मुंबईतला होता.

मामा : १९५२. जागतिक स्पर्धा आशियात पहिल्यांदा आली ती मुंबईत. तोवर सगळे दाण्यांच्या रबरावर खेळायचे, स्पंज नाही. टक-टक आवाज यायचा अन् त्या आवाजावरून चेंडूचा जोर कळायचा. जपानचा हिरोजी सातो आला, चष्मेवाला, अंगानं लहान. बॅटीला जाड स्पंज. आवाजच नाही! युरोपचे अन् अमेरिकेचे भले भले गोंधळले. अंतिम सामन्यात हंगेरीच्या कोचियानला हरवून जगज्जेता झाला. रबरानं काय होतं ते आपल्या मुंबईनं जगाला दाखवलं. अन् तू म्हणतेस सगळे वापरतात तेच लावा. सगळ्यांसारखंच लावलं तर या पोरीकडं जास्तीचं काय राहिलं? आपल्या जिल्ह्यात पिंपलवर खेळणारी पोरगी कुणी पाहिलीय?

भाची : आणि पुढं सातोचं काय झालं?

मामा : जिंकला, हे काय कमी झालं?

भाची : एकेरीचं जगज्जेतेपद त्याला पुन्हा मिळालं नाही. स्पंज सगळ्यांनी घेतला. १९५४ मध्ये लंडनला ओगिमुरा जिंकला, तोही जपानचा, तोही स्पंजवरच. पण त्याच्याकडं स्पंजाशिवाय पाय होते, फोरहँड होता, तासन् तास केलेला सराव होता. १९५६ मध्ये तो पुन्हा जिंकला. नवलावर एक स्पर्धा निघते, मामा. दुसरीच्या आत समोरचा शिकून येतो. आणि आता तर लपवताही येत नाही. पूर्वी दोन्ही बाजूंना एकाच रंगाची, पण वेगळ्या जातीची रबरं लावून बॅट हातात फिरवायचे. १९८६ पासून एक बाजू लाल, एक काळी अशी सक्ती आली. आता काळ्याच्या जोडीला निळा, हिरवा, गुलाबी, जांभळाही चालतो, पण दोन बाजू वेगळ्या दिसल्याच पाहिजेत. सामन्याआधी बॅट समोरच्याला दाखवावी लागते. जिल्ह्यात नवल वाटेल. विभागात गेली की समोरच्या मुलीच्या क्लबात पिंपलवाली एखादी सराव करत असणारच.

मला इथं भाचीचं पूर्ण पटलं. चौदा वर्षांच्या मुलीला एखादं हत्यार द्यायचं आणि कारण सांगायचं की 'हे कुणी पाहिलेलं नाही', हे तिच्यावर अन्याय करणारं आहे. दोन वर्षांनी ते सगळ्यांनी पाहिलेलं असेल आणि तिच्या हातात दुसरं काही नसेल. पिंपल लावायचंच असेल तर त्याचं कारण तिच्या हातात, तिच्या उभं राहण्यात सापडलं पाहिजे.

मामांनी मग भारताच्या मुलींकडं बोट दाखवलं, आणि ते दाखवायलाच हवं होतं. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत मनिका बत्रानं एकेरीचं सुवर्ण घेतलं, वाटेत सिंगापूरच्या फेंग तियानवेईला हरवलं. तिच्या बॅकहँडला लाँग पिंपल आहे. त्याच स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळवणाऱ्या पाच जणींत ठाण्याची मधुरिका पाटकर आणि पुण्याची पूजा सहस्रबुद्धे होत्या. २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई स्पर्धेत सुतीर्था आणि ऐहिका मुखर्जी यांनी उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या चेन मेंग आणि वांग यिदी या जोडीला हरवलं आणि पुढं कांस्य आणलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुसानला चीनविरुद्धच्या सांघिक सामन्यात ऐहिकानं तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या सुन यिंगशाला ३-१ नं हरवलं. तिच्या बॅकहँडला समोरच्याची फिरकी न मानणारं रबर असतं.

मामा : आता बोल.

भाची : बोलते. बुसानला तो सांघिक सामना शेवटी चीननं ३-२ नं काढला. पण ते सोडा. मनिकाचं लाँग पिंपल आणि तुमचं शॉर्ट पिंपल, दोन्ही एक नाहीत. लाँग पिंपल चेंडू मंद करतं, समोरच्याची फिरकी उलटवून देतं, आणि मग फोरहँडनं मारायला संधी काढतं. आपल्या मुलीला मंद करायचंच नाही. ती बॅकहँडनं स्वतः मारते.

मामा : म्हणून तर मी लाँग म्हणालोच नाही. एकदा तरी म्हणालो का? शॉर्टच म्हणालो.

भाची : मग मनिकाचं उदाहरण कशाला दिलंत?

मामा : बॅकहँडला वेगळं रबर लावलं म्हणून खेळ हलका होत नाही, एवढंच सांगायला. गावात लोक म्हणतात पिंपल म्हणजे चकवा. चकवा नव्हे तो. तिच्या मनात हे बसू नये म्हणून सांगितलं.

मामांच्या सबंध बोलण्यातली ही सर्वांत मोलाची गोष्ट होती. आपल्याकडं पिंपलकडं अजून पळवाट म्हणून बघितलं जातं. झुआंग झेडोंग १९६१, १९६३ आणि १९६५, अशा तीन लागोपाठच्या स्पर्धांत जगज्जेता झाला तो शॉर्ट पिंपलवर, टेबलाजवळून फोरहँड-बॅकहँड दोन्ही बाजूंनी मारत. लिऊ गुओलियांगनं १९९६ ला अटलांटात एकेरीचं सुवर्ण घेतलं तेही शॉर्ट पिंपलवर, आणि बॅटच्या मागच्या अंगाला प्लेन रबर लावून गरज पडेल तेव्हा ते वापरत. टेबलाजवळच्या आक्रमणाची शाळा जगात उभी राहिली तीच मुळी या दाण्यांवर. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

मग पैशाचा आणि धुळीचा हिशेब आला. मुलीचे आईवडील दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ती आजीपाशी राहते. एका टेनर्जीच्या पैशात फ्रेंडशिप ८०२ सारखी तीन-चार चिनी शॉर्ट पिंपल येतात. टेन्सर रबराची पकड रोजच्या सरावात काही महिन्यांत ओसरते. शिवाय सिरसाळ्याची धूळ. खोलीच्या खिडक्यांना काचा नाहीत, शाहाबादी फरशीवर सकाळी झाडलं तरी दुपारी पावलं उमटतात. प्लेन रबरावर धूळ बसली की पकड तेवढ्यापुरती जाते. दर थोड्या वेळानं ओल्या स्पंजानं पुसावं लागतं आणि खेळ संपल्यावर वर प्लॅस्टिकचा कागद चिकटवून ठेवावा लागतो. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली ठेवलेलं रबर लवकर कडक होतं. पिंपलला धुळीचा त्रास कमी. त्याचं दुखणं वेगळं : दाणे मुळाशी तडकतात, दोन-तीन गळाले की स्पर्धेत ते रबर चालत नाही.

भाची : म्हणजे स्वस्त म्हणून पिंपल? हे मला नाही पटत. गरीब मुलीला स्वस्तातलं द्यायचं आणि त्याला तिची शैली म्हणायचं?

मामा : (आवाज चढवून) स्वस्त म्हणून नाही. तिच्या बॅकहँडकडं बघ. मनगट वळवून चेंडूला घासत नाही ती. थेट मागून मारते, सपाट. मी शिकवलेलं नाही. प्लेन रबरावर तसा फटका मारला की चेंडू कधी पळतो, कधी बसतो. पिंपलवर तोच फटका बरोबर होतो. महाग असतं तरी हेच म्हणालो असतो.

भाचीनं मुलीला पुन्हा टेबलापाशी बोलावलं. बॅकहँडकडं लांब टॉपस्पिन टाकत राहिली, एकाच वेगाचा. आधी जुनी बॅट, मग मामांची. मुलीला काहीच सांगितलं नाही. मी बाजूला उभा राहून तिचं मनगट पाहत होतो. खरंच, दोन्ही बॅटींवर ती चेंडूला घासत नव्हती. उसळीच्या टोकाला बॅट सरळ चेंडूमागं आणून ठोसा दिल्यासारखं ढकलत होती, कोपर अंगाला लागून. जुन्या बॅटीवर चेंडू पुनःपुन्हा टेबलाच्या टोकापलीकडं जात होता, कारण टॉपस्पिन रबराला धरून वर चढत होता. मामांच्या बॅटीवर तोच ठोसा खाली, लांब आणि काहीसा मेल्यासारखा जात होता. पलीकडं उभ्या भाचीचे दोन चेंडू सलग जाळीत गेले. तिसऱ्यांदा तिनं गुडघे वाकवून उचलला.

भाची : ठीक. बॅकहँडला शॉर्ट पिंपल. पण १.८ नाही, १.५ घ्या. तिला मारायला तिचाच हात आहे. स्पंज जाड झाला की पिंपलही उडवायला लागतं आणि ब्लॉक हाताबाहेर जातो.

मामा : १.५ वर चॉप उचलायला जड जाईल. तूच म्हणालीस ना लागोपाठ पाच आले तर? १.८ ला थोडी साथ मिळते.

भाची : (विचार करून) बरं, १.८. पण फोरहँड माझ्या मनासारखा. तिचा टॉपस्पिन मी मरू देणार नाही. एका बाजूनं सरळ चेंडू आणि दुसऱ्या बाजूनं फिरणारा, असं असलं तरच समोरचीला त्रास होईल. दोन्हीकडून सरळच आला तर पाचव्या मिनिटाला ती सरावते.

मामा : फोरहँडला प्लेन, हे मी कधी नाकारलं? तुझं टेन्सर नको एवढंच. मार्क व्ही घे. मध्यम कडक आहे, आखूड चेंडू ठेवता येतो, अन् जोरात हात फिरवला तर फिरकीही चढते.

भाची : जाडी?

मामा : १.८.

भाची : २.०. तिच्या फोरहँडला झोका आहे मामा, तुम्ही बॅकहँडच बघत बसता. फोरहँडला ती अर्धं पाऊल मागं घेते, तेवढी जागा आपल्या खोलीतही आहे. झोका असला की स्पंज कामाला येतो.

मामा : अन् फोरहँडकडं आखूड सर्व्हिस आली की?

भाची : त्याचा सराव मी घेते, सुट्टी संपेपर्यंत रोज. एक दिवस आड फक्त आखूड सर्व्हिस, दुसरं काही नाही. माझी सुट्टी संपली की तुम्ही घ्यायचा.

मामा : घेईन की. मग २.० घे. पण चिकटवायला पाण्याचा ग्लू माग, अन् लावताना मला बोलव. कडा ब्लेडनं मी कापतो. मागच्या वेळी तू कापलंस ते मुठीपाशी वाकडं झालं होतं.